‘पुन्हा सांगता का?’ एवढं इंग्रजीत विचारता यावं

चाकणच्या तळेगाव चौकापासून थोडं आत, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत संध्याकाळी माझा इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरतो. फर्स्ट शिफ्ट सुटून माणसं घरी जाऊन आली की खोली भरायला लागते. आयटीआय करून कारखान्यात लागलेले फिटर आणि वेल्डर असतात, क्वालिटीत गेज लावून मापं तपासणाऱ्या मुली असतात, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दिवसभर चलनं लिहिणारा मुलगा असतो. मावळातल्या एका पॉलिहाउसमध्ये गुलाबांच्या प्रतवारीवर आणि पॅकिंगवर देखरेख करणाऱ्या एक ताईही येतात. निम्म्याहून जास्त मुलं मराठवाडा-विदर्भातली, चौघं-पाचजण मिळून एक खोली भाड्याने घेऊन राहणारी. काही जणांच्या पायात सेफ्टी शूज तसेच असतात, कारण घरी जाऊन यायलाही वेळ झालेला नसतो.

या सगळ्यांबद्दल सर्रास म्हटलं जातं की यांना इंग्रजी येत नाही. मला ते मान्य नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे आज पंचविशीतला मुलगा किमान दहा वर्षं ती भाषा वहीत लिहून बाहेर पडलेला असतो. मशीनवर लावलेली वर्क इन्स्ट्रक्शन तो वाचतो. रिजेक्शन, रिवर्क, ब्रेकडाउन, डिस्पॅच, टॉलरन्स हे शब्द त्याच्या रोजच्या मराठीत मिसळून गेलेले आहेत. साधा ई-मेल त्याला कळतो, व्हॉट्सॲपवर दोन ओळींचं उत्तर तो देतो. अडतं कुठे, तर फोन वाजला की. पलीकडून चेन्नईचा व्हेंडर बोलायला लागतो, किंवा प्लांट बघायला आलेला कोरियन इंजिनियर थेट यालाच प्रश्न विचारतो, आणि याच्या तोंडून ‘येस सर, येस सर’ याखेरीज काही निघत नाही. कळलेलं असो वा नसो, येस सर. पुढे त्या येस सरचे परिणाम निस्तरावे लागतात.

भाषाशिक्षणात या टप्प्याला नाव आहे. ‘कौन्सिल ऑफ युरोप’ या संस्थेने २००१ साली भाषा येण्याच्या सहा पायऱ्यांची एक चौकट प्रसिद्ध केली: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन आणि सी-टू. आज जगभरची इंग्रजीची पुस्तकं आणि परीक्षा बहुतेक याच चौकटीच्या आधाराने चालतात. त्यातली ए-टू ही पायरी आणि तिच्यावरून बी-वनकडे जाणारी वाट म्हणजे साधारणपणे ज्याला पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ‘प्री-इंटरमीजिएट’ म्हणतात तो टप्पा. मला ही चौकट आवडते ती एका कारणासाठी. माणसाला व्याकरणाचे किती नियम पाठ आहेत हे ती विचारत नाही. तो त्या भाषेत काय करू शकतो, हे विचारते. ए-टूवरचा माणूस स्वतःबद्दल, घरच्यांबद्दल, खरेदीबद्दल, गावाबद्दल, कामाबद्दल साधं बोलू शकतो, रोजच्या ठरावीक देवाणघेवाणी करू शकतो. पण समोरच्याचं बोलणं पुरेसं न कळल्यामुळे संभाषण स्वतःच्या बळावर पुढे चालवणं त्याला सहसा जमत नाही. त्या चौकटीत हे असंच नोंदवलेलं आहे. माझ्या वर्गातल्या जवळपास प्रत्येकाची ही हुबेहूब अवस्था आहे.

त्याच चौकटीत ए-टूच्या कौशल्यांमध्ये आणखी एक गोष्ट नोंदवलेली आहे. कळलं नाही तर पुन्हा सांगायला सांगता येणं, न कळलेल्या शब्दाचा खुलासा ठरावीक वाक्यं वापरून विचारता येणं. म्हणजे न कळणं हे या पायरीवर गृहीतच धरलेलं आहे. न कळल्यावर काय करायचं, हा इथला खरा अभ्यास. आपल्याकडे मात्र शाळेत ‘कळलं का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायची सवय लागते आणि ती कारखान्यात येईपर्यंत सुटत नाही. इतक्या जणांना शिकवून झाल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: या टप्प्यावरच्या माणसाला नव्या शब्दांआधी आणि नव्या काळांआधी संभाषण सावरण्याची वाक्यं शिकवावीत.

ही वाक्यं मी पहिल्या आठवड्यात देते आणि ती अर्थ समजावत बसण्याऐवजी तोंडात बसवून घेते. ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ ‘कुड यू स्पीक अ लिटल स्लोअर, प्लीज?’ ‘आय गॉट द फर्स्ट पार्ट, बट नॉट द सेकंड.’ ‘डू यू मीन द ओल्ड ड्रॉइंग?’ ‘लेट मी चेक अँड कॉल यू बॅक.’ ‘सो, टू कन्फर्म…’ अशी डझनभर वाक्यं फोडून शिकवायची नसतात. ‘कुड’ हा ‘कॅन’चा भूतकाळ आहे का, असा प्रश्न कोणीतरी विचारतंच. मी सांगते, पुढे कधीतरी बघू, आज हे वाक्य एका श्वासात म्हणा. यातलं तिसरं वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. ‘मला कळलं नाही’ म्हटलं की बोलणारा सगळं पुन्हा त्याच वेगाने सांगतो. ‘पहिला भाग कळला, दुसरा नाही’ म्हटलं की तो नेमका तेवढाच भाग सोपा करून सांगतो, आणि हा माणूस लक्ष देऊन ऐकतो आहे हेही त्याला समजतं.

याचा सराव आम्ही फोनचा करून घेतो. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या, कारण फोनवर ओठ दिसत नाहीत, हातवारे दिसत नाहीत. एकाच्या हातात चलन, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद आणि पेन. चलनवाल्याने पार्ट नंबर, नग, गाडीचा नंबर आणि पोचायची वेळ इंग्रजीत सांगायची, दुसऱ्याने लिहून घ्यायची आणि वाचून दाखवायची. बाकीच्यांनी गप्प बसून ऐकायचं. मधे कोणी मराठीत ‘अरे, चौदा म्हणतोय तो’ असं सुचवायचं नाही, हा एकच कडक नियम.

या सरावात सगळ्यात जास्त घोळ कशाचा होतो, तर आकड्यांचा. आपल्या भागातल्या गाड्यांचा नंबर एमएच चौदा. फोर्टीन म्हटलं आणि समोरच्याने फॉर्टी लिहिलं, असं या खोलीत सतत घडतं. थर्टीन-थर्टी, फिफ्टीन-फिफ्टी या सगळ्या जोड्यांचं हेच. तेराशे नगांच्या जागी तीन हजार आले की कोणाचं किती नुकसान होतं, हे स्टोअर्सवाल्याला सांगावं लागत नाही. फरक आघाताचा आहे: थर्टीन म्हणताना जोर शेवटी येतो आणि शेवटचा स्वर लांबतो, थर्टी म्हणताना जोर सुरुवातीला येतो. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा वेळ देतो, त्यामुळे हा फरक आपल्या कानाला आधी लागतच नाही. टाळ्या वाजवून, बोटं मोजून तो कानात बसवावा लागतो.

आकड्यांची दुसरी अडचण आपल्या भाषेतूनच येते. त्रेचाळीस म्हणताना आपण आधी तीन बोलतो आणि मग चाळीस. इंग्रजीत चाळीस आधी आणि तीन मागून. घाईत ऐकताना फॉर्टी-थ्रीचे चौतीस होतात. याच क्रमाच्या प्रश्नावरून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातल्या ‘वीस एक, वीस दोन’ या वाचनावर राज्यभर वाद झाला होता, तो वाचकांना आठवत असेल. गंमत म्हणजे जर्मन लोकही मोजताना ‘तीन आणि चाळीस’ असंच म्हणतात. चाकणच्या पट्ट्यात जर्मन कारखाने आहेत. तिथे जर्मन इंजिनियर आणि मराठी ऑपरेटर एकमेकांशी इंग्रजीत आकडे बोलतात तेव्हा दोघंही आपापल्या डोक्यात तो आकडा उलटा करून घेत असतात. हे सांगितलं की वर्गातल्या मुलांचा चेहरा खुलतो. आपली अडचण ही आपल्या बुद्धीची कमतरता नाही, ती दोन भाषांच्या रचनेतली आहे, हे त्यांना पहिल्यांदा कोणीतरी सांगितलेलं असतं. उपाय साधा आहे. फोनवर महत्त्वाचा आकडा सुटा सुटा सांगायचा, फोर थ्री, आणि समोरच्याकडून तो परत म्हणवून घ्यायचा. विमान चालवणारे पायलटही कंट्रोल टॉवरने सांगितलेल्या सूचना परत म्हणून दाखवतात. आपण तर गाडीभर माल मागवतोय.

आकड्यांनंतर येते ती आदबीची गोष्ट. मराठी माणूस मुळात उर्मट नसतो, पण त्याचं इंग्रजी या टप्प्यावर हमखास उर्मट ऐकू येतं. ‘गिव मी वन फॉर्म.’ ‘सेंड मेल टुडे.’ ‘व्हॉट यू वाँट?’ मराठीत आपण ‘जरा एक फॉर्म द्या ना’ म्हणतो, तेव्हा सगळी नम्रता त्या ‘जरा’त, ‘ना’त आणि ‘द्या’मधल्या बहुवचनात असते. इंग्रजीत क्रियापदाला ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असं वेगळं रूप नाही. त्यामुळे आपलं वाक्य शब्दशः उचलून नेलं की नम्रता मागेच राहते आणि नुसता हुकूम पोचतो. म्हणून ‘कुड यू’, ‘कॅन आय’, ‘वुड इट बी ओके इफ’ अशी सुरुवात शिकवावी लागते. पॅकिंगवरच्या त्या ताईंच्या लक्षात हे सर्वांत आधी आलं. माल बघायला येणाऱ्या खरेदीदाराशी त्या मोजकं बोलायच्या, पण तो त्यांना तुसड्या समजायचा. आता त्या ‘वुड यू लाइक टु सी द कोल्ड रूम फर्स्ट?’ असं म्हणतात आणि त्याच्याबरोबर चालत चालत बोलतात. शब्द फार वाढले नाहीत, संबंध मात्र बदलला.

चुका कोणत्या सुधारायच्या आणि कोणत्या सोडून द्यायच्या, याबद्दल माझी ठाम मतं आहेत. ‘यू आर कमिंग व्हेन?’ हे व्याकरणाने चुकलं, पण अर्थ पोचला. ते बोलणाऱ्याला मी मधे थांबवत नाही. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’चंही तसंच. पण ‘आय कॉल हिम’ ऐकलं की मी थांबवते. फोन केला की करणार आहेस? व्हेंडरला माल पाठवायला सांगून झालं आहे की अजून सांगायचं आहे? या एका ‘केला’ आणि ‘करतो’ यावर लाइन थांबते किंवा चालू राहते. त्यामुळे झालेल्या गोष्टीसाठी भूतकाळ आणि न झालेल्या गोष्टीसाठी स्पष्ट नकार, या दोन बाबतींत मी तडजोड करत नाही. ‘अ’ आणि ‘द’ कुठे लावायचे यावर आठवडेच्या आठवडे घालवणारे वर्ग आहेत. या पायरीवर तो वेळ मला वाया गेलेला वाटतो.

बोलण्याचा ओघ यावा म्हणून मी एक पद्धत वापरते. कीथ मॉरिस यांनी ती १९८३ साली मांडली आणि न्यूझीलंडचे भाषाअभ्यासक पॉल नेशन यांच्या लिखाणातून ती पुष्कळ शिक्षकांपर्यंत पोचली. तिला चार-तीन-दोन म्हणतात. एकच विषय घ्यायचा, समजा ‘माझ्या लाइनवर सकाळी काय झालं’. पहिल्या जोडीदाराला तो चार मिनिटांत सांगायचा. मग जोडीदार बदलून तेच तीन मिनिटांत, आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. ऐकणाऱ्याने फक्त ऐकायचं. पहिल्या फेरीत खोलीत नुसते ‘अं… अं…’ चालू असतात, एकेक शब्द शोधून काढला जातो. एका फिटरने कन्व्हेअरचा पट्टा तुटल्याची हकिगत सांगताना पहिल्या वेळी ‘पट्टा’ या शब्दावरच अर्धा मिनिट घालवला. दुसऱ्या फेरीत त्याने ‘दॅट ब्लॅक लाँग रबर थिंग’ म्हणून वाट काढली. त्याच्या जोडीदाराने मान डोलावली आणि गाडी पुढे गेली. तिसऱ्या फेरीत तो थांबलाच नाही. कोणी मला विचारलं की या वर्गात शिकणं नेमकं कुठे घडतं, तर मी ती दुसरी फेरी दाखवीन. शब्द सापडला नाही तर त्याचं वर्णन करून पुढे जाता येतं, ही युक्ती माणसाला तिथे गवसते. ती एकदा गवसली की त्याची भीती निम्म्याने उतरते.

आपल्या देशात या विचाराची एक मोठी परंपरा आहे आणि ती आपण विसरून चाललो आहोत, याचं मला वाईट वाटतं. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये एक प्रयोग केला. तो बंगलोर प्रकल्प म्हणून जगभर ओळखला जातो. त्यांचं म्हणणं असं की मुलांचं लक्ष अर्थावर, एखादं काम पार पाडण्यावर असलं की भाषेची रचना त्या ओघात मनात रुजते. म्हणून नियमांच्या पाठाऐवजी मुलांना कामं दिली: नकाशा वाचा, रेल्वेचं वेळापत्रक बघून कोणती गाडी पकडायची ते ठरवा, हिशोब मांडा. आज ‘टास्क बेस्ड’ या नावाने परदेशी पुस्तकांतून जे आपल्याकडे परत येतं, त्याची मोठी मुळं बंगळूर आणि मद्रासच्या साध्या शाळांमध्ये आहेत. माझ्या वर्गात रेल्वेच्या ऐवजी एसटीचं वेळापत्रक असतं. राजगुरुनगरहून निघून अमुक वेळेला नाशिकला पोचायचं आहे, सोबत आजारी आई आहे, कोणती गाडी घ्यायची ते तिघांनी इंग्रजीत बोलून ठरवायचं. आईला गाडी लागते, मंचरला थांबावं लागेल, असे मुद्दे मुलं आपणहून आणतात आणि तावातावाने भांडतात. इंग्रजीत भांडतात.

शब्दांची चिंता सगळ्यांना असते. माझ्याकडे शब्दसाठा नाही, असं प्रत्येक जण पहिल्या दिवशी सांगतो. मायकल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ इंग्रजांच्या काळात ढाक्याला काम करत होते. तिथल्या मुलांना शिकवण्याच्या अनुभवातून ते मर्यादित शब्दांच्या वाचनपुस्तकांकडे वळले आणि १९५३ साली त्यांनी इंग्रजीतल्या सर्वांत उपयोगी सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. रोजच्या इंग्रजी बोलण्याचा फार मोठा भाग एवढ्याच शब्दांत होतो. या टप्प्यावरच्या माणसाला त्यातले बरेच शब्द ओळखता येतात, पण वेळेवर तोंडात येत नाहीत. त्याला नवी यादी पाठ करायला लावण्यापेक्षा सोपी पुस्तकं भरपूर वाचायला द्यावीत. ऑक्सफर्डच्या बुकवर्म्स मालिकेत पहिल्या पायरीची पुस्तकं ४०० मूळ शब्दांत, दुसरीची ७०० आणि तिसरीची १,००० शब्दांत लिहिलेली असतात. शब्दकोश न उघडता पान उलटत गेलं पाहिजे, इतकं सोपं पुस्तक घ्यायचं. आमच्या खोलीत अशा पुस्तकांची एक पेटी आहे. घरी नेली की ती बऱ्याचदा उशिरा परत येतात, कारण मधे खोलीतल्या दुसऱ्या कोणीतरी वाचायला घेतलेली असतात. मला त्याचा आनंदच होतो.

ऐकण्यासाठी मी आकाशवाणी सुचवते. आधी मराठी बातम्या ऐकायच्या, मग त्याच दिवशीच्या इंग्रजी. घडलं काय ते ठाऊक असल्यामुळे कान भाषेवर राहतो. क्रिकेट कळणाऱ्याने सामन्याचं इंग्रजी धावतं वर्णन ऐकावं. मोबाइलवर ब्रिटिश कौन्सिलची लर्न इंग्लिश ही साइट आहे, तिथे ए-वन, ए-टू अशा पायऱ्या लावूनच ध्वनिफिती ठेवल्या आहेत, पैसे लागत नाहीत.

उच्चारांबद्दल मात्र आपल्याकडे फार न्यूनगंड आहे, आणि तो घालवायचा तर थोडं सविस्तर बोललं पाहिजे. मराठी माणसाकडे काही जमेच्या बाजू आहेत. बॅट आणि बॉल यातले स्वर आपल्याला येतात, त्यांच्यासाठी आपल्या लिपीत चिन्हंही आहेत. सकारावर सुरू होणारे जोडशब्द आपण सहज म्हणतो. ‘स्टेशन’ म्हणायला आपल्याला आधी ‘इ’ लावावा लागत नाही. आपल्याला कष्ट घ्यावे लागतात ते दोनच ठिकाणी: शब्दात आघात कुठे येतो, आणि शब्दाच्या शेवटी येणारे टी, डी, एस स्पष्ट ऐकू येतात का. ‘वर्क्ड’मधला शेवटचा ध्वनी गिळला की पुन्हा तोच ‘केलं की करतो’चा गोंधळ. एवढं सांभाळलं तर बाकीचा मराठी हेल खुशाल राहू द्यावा. युरोपच्या त्या चौकटीचा २०१८ साली विस्तार झाला, तेव्हा तिच्यातून ‘मूळ भाषकासारखं’ हा मापदंडच काढून टाकला गेला. चाकणमध्ये तर तो कधी लागू नव्हताच. इथल्या इंग्रजी संभाषणात एका बाजूला मराठी माणूस असतो आणि दुसऱ्या बाजूला कोरियन, जपानी, जर्मन किंवा तमिळ. इंग्रजी कोणाच्याच घरची नसते. अशा वेळी सावकाश आणि स्वच्छ बोलणारा माणूस लंडनची ढब आणणाऱ्यापेक्षा जास्त कामाला येतो.

वर्गात येणाऱ्या बायकांपैकी काही नोकरीसाठी येत नाहीत. त्या मुलांच्या शाळेसाठी येतात. घरातली पहिली पिढी इंग्रजी माध्यमात घातलेली असते, आणि पालकसभेला गेलं की शिक्षिका इंग्रजीत बोलतात. एका आईला तिच्या मुलीसमोर सांगितलं गेलं होतं की तुम्ही पुढच्या वेळी वडिलांना पाठवा. त्या बाई वर्गात हे सांगताना रडल्या नाहीत, पण तो दिवस त्यांच्या आवाजातून गेलेला नव्हता. आम्ही त्यांच्यासाठी पालकसभेचा प्रसंग तयार केला. त्यांना चारच गोष्टी विचारायच्या होत्या: मुलगी वर्गात बोलते का, गणितात कुठे अडते, तिच्या शेजारी कोण बसतं, घरी काय करून घेऊ. चार प्रश्न, आणि उत्तर कळलं नाही तर सावरायची दोन वाक्यं. महिनाभर त्यांनी ते घोटले. पुढच्या सभेत त्या स्वतः गेल्या आणि चारही प्रश्न विचारून आल्या. ‘हाऊ कॅन आय हेल्प हर ॲट होम?’ हा प्रश्न ऐकल्यावर शिक्षिका खुर्ची पुढे ओढून मराठीत सविस्तर बोलायला लागल्या, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. संभाषणकौशल्य म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी हा प्रसंग सांगते.

किती दिवसांत येईल, हा प्रश्न फी भरण्याआधी विचारला जातो, आणि त्याचं उत्तर प्रामाणिकपणे दिलं पाहिजे. इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केम्ब्रिजच्या संस्थेचा अंदाज असा आहे की शून्यापासून ए-टूपर्यंत यायला शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली साधारण १८० ते २०० तास लागतात आणि बी-वनपर्यंत ३५० ते ४००. म्हणजे मधलं अंतर दीडशे ते दोनशे तासांचं आहे. रोज एक तास, आठवड्यातून पाच दिवस धरले तर साधारण सात ते नऊ महिने. शिफ्ट बदलते, सण येतात, ओव्हरटाइम लागतो, तेव्हा वर्षच धरा. चौकातल्या खांबांवर ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’चे फलक लागलेले असतात. तीस दिवसांत माणूस वीस-पंचवीस वाक्यं पाठ करू शकतो, आणि तीही काही कमी नाहीत. पण तेवढ्यात सगळं येईल असं सांगून गरीब मुलाकडून पगाराचा मोठा हिस्सा घेणं हा अन्याय आहे. महिन्याने त्याला जमलं नाही की तो दोष स्वतःला देतो, जाहिरातीला देत नाही, आणि पुन्हा कुठल्याच वर्गात पाऊल टाकत नाही. अशी दुखावलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा पहिले काही आठवडे त्यांचा विश्वास परत मिळवण्यातच जातात.

शिकणाऱ्यांसाठी एवढं पुरे. आता थोडं त्यांच्यासाठी, ज्यांना इंग्रजी चांगलं येतं: सुपरवायझर, इंजिनियर, शाळेतल्या बाई, बँकेतले साहेब. समोरचा माणूस मोडक्या इंग्रजीत बोलायला लागला तर त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. चार सेकंद थांबा, त्याला शब्द सापडतो. तो इंग्रजीत प्रयत्न करत असेल तर लगेच हिंदीवर येऊ नका. तशी मदत त्याला हवी असेल तर तो मागेल. वाक्यं छोटी ठेवा, आकडे फोनवर सांगितल्यावर लगेच मेसेजने पाठवा. आणि मीटिंग सुरू करतानाच सगळ्यांना स्पष्ट सांगा की कोणालाही, कितीही वेळा, ‘कुड यू से दॅट अगेन?’ म्हणायची पूर्ण मुभा आहे.